ऱ्हाइनकाठची खोटी साक्ष

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीचा ऱ्हाइनकाठचा प्रदेश दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात आला. तेथील फ्रेंच सैन्यात सेनेगल, मोरोक्को, अल्जीरिया इत्यादी वसाहतींतील सैनिक होते. कोठे जावे हे ठरविणे त्यांच्या हाती नव्हते. तथापि 'काळा कलंक' असे नाव देऊन, हे सैनिक जर्मन स्त्रियांवर सरसकट अत्याचार करतात, असा प्रचार सुरू झाला.

१० एप्रिल १९२० रोजी लंडनच्या 'डेली हेरल्ड' पत्रात ई. डी. मोरेल यांनी हाच आरोप केला. काँगोतील जनतेवरील जुलूम जगापुढे आणणारे ते हेच मोरेल! व्हर्सायचा तह त्यांना अन्याय्य वाटत होता. परंतु त्याविरुद्ध त्यांनी शस्त्र उचलले ते वर्णद्वेषाचे. काही सैनिकांकडून गुन्हे घडले होते. मात्र सरसकट अत्याचारांचे आरोप खोटे व राजकीय हेतूने केलेले आहेत, असा निर्वाळा अमेरिकन सेनापती हेन्री ॲलन यांनी त्याच वर्षी दिला. सेनेगली पलटणी जून १९२० पर्यंत हलविण्यात आल्या, तरी ओरड थांबली नाही. पुढे हिटलरने तीच निंदा आपल्या ग्रंथात घेतली. १९३७ मध्ये त्या सैनिकांच्या व जर्मन स्त्रियांच्या किमान ३८५ मुलांचे सक्तीने निर्बीजीकरण झाले. खोट्या साक्षीचे फळ निरपराध लेकरांनी भोगले.

हा इतिहास पाळी-साखळीच्या वाचकांस परका नाही. १८९५ साली गोव्यातील मराठा शिपायांनी मोझांबिकला जाऊन तेथील लोकांशी लढण्यास नकार दिला आणि बंड केले; सत्तरीचे राणे त्यांना मिळाले. पुढे १९६१ पूर्वीच्या वर्षांत त्याच सत्तेने मोझांबिक व अंगोलाचे सैनिक गोव्यात आणले. एका दास्यातील माणूस दुसऱ्या दास्यातील माणसावर पहारा करी. लोक आफ्रिकी माणसास 'खापरी' म्हणत. त्या शब्दाचे मूळ 'काफिर' या अरबी शब्दात आहे. परकीय सत्तेविषयीचा संताप न्याय्य होता. त्या शब्दातील तुच्छता न्याय्य नव्हती.

धर्मगुरू व धर्मशिक्षकांनी हा भेद जपला पाहिजे. अन्यायाचा निषेध करताना कोणाच्या वर्णाची वा जातीची निंदा आपल्या मुखी आली, तर आपण खोट्या साक्षीविरुद्धची आज्ञा मोडतो, मग आपला पक्ष कितीही सत्याचा असो. प्रभूचा क्रूस वाहण्यास रोमन शिपायांनी ज्याला वेठीस धरले, तो शिमोन आफ्रिकेतील कुरेने गावचा होता. वेठीस धरलेल्या माणसाकडे ख्रिस्तसभेने कोणत्या दृष्टीने पाहावे, हे शुभवर्तमानाने तेथेच दाखविले आहे.