हरणाच्या तोंडचा घास

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात सोडण्यात आले, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष त्या आठ प्राण्यांवर होते. त्यांच्या भक्ष्याची तरतूद मात्र बरीच आधी सुरू झाली होती. गवताळ पट्टे राखायचे, नको असलेली झुडपे उपटायची, इतर अभयारण्यांतून चितळ आणून सोडायचे, अशी ही कामे. वनखात्याच्या भाषेत याला ‘अधिवास सुधारणा’ म्हणतात. नाव नवे असले तरी विद्या फार जुनी आहे, आणि तिचा जन्म संरक्षणासाठी झालेला नाही. हरणाला आवडते ते उगवले की हरीण आपल्या पायांनी येते, हे आपल्याकडे प्रथम टिपून ठेवले ते त्याला मारू पाहणाऱ्यांनी.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणात, राजाच्या विहारासाठी मृगवन कसे करावे हे सांगितले आहे. त्याला एकच दार असावे आणि भोवती खंदक असावा. आत गोड फळांची झाडे, वेली व झुडपे लावावीत, काटेरी झाडे नसावीत, पाण्याचा साठा उथळ असावा. माणसाळलेली हरणे सोडावीत. वाघासारखी हिंस्र जनावरेही ठेवावीत, पण नखे आणि दात काढून! राजाच्या शौर्याची ही व्यवस्था वाचून हसू येते. तरीही परिसरशास्त्राच्या नजरेने पाहिले तर ही यादी चोख आहे. खाद्य, निवारा, पाणी आणि भक्षकाचा अभाव या चार गोष्टी जमल्या की तृणभक्षी प्राणी एका जागी टिकतात. त्याच प्रकरणात आणखी एक वन सांगितले आहे, जिथे सर्व प्राण्यांना अतिथी मानावे. म्हणजे शिकारीचे रान आणि अभयाचे रान या दोन्ही कल्पना एकाच ग्रंथात शेजारी नांदतात. पुढे मराठीतही ‘रमणा’ हा शब्द शिकारीसाठी राखलेल्या रानाला वापरला जात असे.

या युक्तीमागचे विज्ञान सोपे आहे. गवत जून झाले की त्यातील तंतू वाढतात आणि प्रथिने घटतात. उन्हाळ्याच्या तोंडावर रान पेटवले की काही दिवसांत राखेतून कोवळा फुटवा येतो, आणि भोवतालचे सारे वाळलेले असताना चितळांचे कळप त्या हिरव्या तुकड्यावर जमतात. मोहाची फुले गळू लागली की झाडाखाली हरणे येणार, हे मध्य भारतातील प्रत्येक शिकाऱ्याला ठाऊक होते. वनस्पतींत सोडियम कमी असते, म्हणून खारट माती चाटण्याच्या जागा प्राणी शोधून काढतात. तिथे आणखी मीठ टाकून शेजारी मचाण बांधले की फार वाट पाहावी लागत नसे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत आमिष दाखवण्याचाही समावेश आहे, तो उगाच नव्हे.

गुजरातेतील वेळावदर हे या इतिहासाचे सर्वांत बोलके पान आहे. भावनगर संस्थानाने तिथले गवताळ मैदान राखीव ठेवले, ते काळविटांसाठी. (मराठीत आपण काळविटालाही हरीणच म्हणतो. शास्त्रीय दृष्ट्या मात्र तो हरणांच्या कुळातला नाही: हरणाची शिंगे दरवर्षी गळतात, काळविटाची कायम राहतात.) या काळविटांवर शिकवलेले चित्ते सोडण्याचा खेळ संस्थानी काळात प्रतिष्ठेचा होता. भारतीय चित्ते मिळेनासे झाले तेव्हा भावनगर आणि कोल्हापूर या संस्थानांनी ते आफ्रिकेतून आणवले. चित्त्याच्या दौडीसाठी मोकळे मैदान लागे, म्हणून मैदान टिकले, आणि मैदान टिकले म्हणून काळवीट टिकले. संस्थाने गेली, राखण सुटली आणि काळविटांची संख्या झपाट्याने घसरली. १९७६ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले.

तोवर एक नवा पाहुणा आला होता. खारेपणाला आळा घालण्यासाठी आणि जळणासाठी लावलेली वेडी बाभूळ मैदानाकडे सरकत होती. तिच्या गोड शेंगा काळविटांना आवडतात आणि बिया पोटातून न पचता बाहेर पडतात. माद्यांना आकर्षित करण्यासाठी नर आपापली छोटी हद्द धरून उभे राहतात आणि तिथेच पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधकांच्या अभ्यासाने दाखवून दिले, की या सवयीमुळे बाभळीचे बी नेमके मोकळ्या गवताळ भागात पोहोचते. जे मैदान काळविटाला हवे तेच तो, प्रियाराधन करता करता, झुडपांच्या स्वाधीन करतो. कोणाला काय खाऊ घातले याचा हिशेब असा कित्येक वर्षांनी लागतो.

कान्हातला हिशेब अधिक कडवट आहे. तिथल्या मैदानांचा बराच भाग बैगा आणि गोंड लोकांच्या जुन्या शेतांचा, त्यांच्या फिरत्या शेतीचा आणि वणव्यांचा आहे. ब्रिटिश वनखात्याने ही शेती दंडनीय ठरवली, पण तिने घडवलेल्या माळावर साहेबांची शिकार निर्वेध चालू राहिली. स्वातंत्र्यानंतरही, राष्ट्रीय उद्यान झाल्यावर, गवत जाळणे सुरूच होते. आखूड गवतावर चितळ वाढतात आणि पाहणाऱ्याला दिसतातही. कठीण जमिनीवर राहणाऱ्या बाराशिंग्याला मात्र हे मानवले नाही. तो जवळजवळ केवळ गवतावर जगतो आणि त्याच्या पाडसांना लपायला उंच गवत लागते. १९७० मध्ये कान्हात केवळ ६६ बाराशिंगे उरले होते. शिकार, गुरांची चराई, वाघांकडून मारली जाणारी पाडसे ही कारणे होतीच. पण एकाच्या सोयीचे कुरण दुसऱ्याच्या जिवावर उठू शकते, हे तिथे प्रथमच स्पष्ट दिसले. मग जाळण्यावर बंधने आली, भक्षकांना अडवणारे कुंपण घालून बाराशिंग्यांची पैदास झाली आणि गावे हलवली गेली. आज तिथे बाराशिंगे पुन्हा शेकड्यांनी आहेत. मोकळ्या झालेल्या गावांच्या शेतांत उगवलेल्या गवताचा त्यात मोठा वाटा आहे, ही गोष्ट पर्यटकांना सहसा सांगितली जात नाही.

कुनोतही तेच घडले. सिंहांसाठी म्हणून तिथून १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून २४ गावे उठवली गेली. त्यांत बहुसंख्य सहरिया आदिवासी होते. सिंह आलेच नाहीत. गावकऱ्यांनी मागे सोडलेली गुरे रानात भटकत राहिली, नांगरलेल्या जमिनीत गवत माजले आणि त्यावर चितळ वाढले. चित्त्यांच्या योजनेतील कुरणांत ती जुनी गावशिवारेही आहेत.