घरात कॅन्सरचं निदान झालं, तर घरच्यांनी काय करावं?

बुऱ्हाणपूर : कॅन्सरचा रिपोर्ट आला की घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते, पण रुग्णाशी मोकळं बोलणारं फारसं कोणी नसतं. त्याला धीराच्या शब्दांइतकीच गरज असते ती कामं वाटून घेणाऱ्या माणसांची.

लपवू नका, विचारा

‘त्यांना सांगू नका, खचतील’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. पण उपचार सुरू झाले की माणसाला अंदाज येतोच, आणि मग तो एकटाच घाबरत राहतो. किती जाणून घ्यायचंय, हे त्यालाच विचारावं. ‘काही होत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘आज जास्त त्रास कशाचा होतोय?’ असं विचारलं तर तो बोलतो. कॅन्सर शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने पसरत नाही. त्यामुळे त्याचं ताट-वाटी वेगळी करू नये.

कामं वाटून घ्या

बऱ्याच घरांत सगळा भार बायकोवर किंवा सुनेवर पडतो. एकाने बायोप्सी, स्कॅन, औषधांच्या चिठ्ठ्यांची फाइल सांभाळावी, दुसऱ्याने दवाखान्यात सोबत जावं, तिसऱ्याने घर, मुलं, शेत किंवा लूम बघावं.

घरची काळजी

किमोनंतर रोगप्रतिकारशक्ती कमी होते. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठावा. जेवण ताजं, थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावं. तोंड आलं असेल तर तिखट टाळून मऊ खिचडी, पेज द्यावी. दुखणं सहन करत बसू नये, डॉक्टरांना सांगावं. गावठी औषध डॉक्टरांना न विचारता देऊ नये.

मुंबईला जाताना

बुऱ्हाणपूरहून मुंबई रेल्वेने सुमारे ५०० किलोमीटर. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून सुरू आहे. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक फॉर्म लागतो. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती आहे. मात्र जागा मिळेलच असं नाही, आधी विचारून जावं. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातही चौकशी करावी.

महात्मा फुले जनआरोग्य योजना महाराष्ट्रातल्या रहिवाशांसाठी आहे. मध्य प्रदेशातल्या कुटुंबांना आयुष्मान कार्ड उपयोगी पडतं. त्यात वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार असून, ते दुसऱ्या राज्यातल्या योजनेत असलेल्या रुग्णालयातही चालतं. आपला उपचार त्यात बसतो का, हे भरती होण्याआधीच विचारून घ्यावं.

सांभाळणाऱ्यालाही सांभाळा

रुग्णाजवळ बसणाऱ्याची झोप जाते, चिडचिड होते. आठवड्यातून एक दिवस तरी पाहुण्यांपैकी कोणी त्याची जागा घ्यावी. मन फारच खचलं तर सरकारी टेलि-मानस हेल्पलाइनवर १४४१६ ला फोन करता येतो. ती मोफत आहे, चोवीस तास चालते. रुग्ण असो की घरचे, फोन कोणीही करू शकतं.