वारणा वायर्ड व्हिलेज प्रकल्प

वारणा वायर्ड व्हिलेज हा महाराष्ट्रातील वारणा खोऱ्यात 1998 साली हाती घेण्यात आलेला ग्रामीण संगणक-जाळ्याचा प्रकल्प होय. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे 70 गावे वारणानगर येथील सहकारी संस्थांच्या संगणकप्रणालीशी जोडणे हे त्याचे उद्दिष्ट होते. प्रकल्पाची तांत्रिक जबाबदारी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे होती. खर्चाचा 50 टक्के वाटा केंद्र शासनाने, 40 टक्के राज्य शासनाने व 10 टक्के वारणा संस्थेने उचलावा, असे ठरले होते.

पार्श्वभूमी

तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याभोवती वारणानगरात दूध संघ, बँक, शिक्षणसंस्था असा मोठा पसारा वाढला. गावांना जोडण्यापूर्वी केंद्रस्थानी व्यवहारांच्या सुव्यवस्थित नोंदी असाव्या लागतात आणि त्या येथे होत्या. उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजनाची पावती, खताची उचल व बिलाची रक्कम यांसाठी सभासदाला एरवी वारणानगरला खेटे घालावे लागत.

रचना व वापर

गावोगावी संगणक-केंद्रे उघडून तेथे चालक नेमण्यात आले. शेतकरी स्वतः संगणक हाताळत नसे. चालक त्याचे खाते पाहून माहिती देई व नवी नोंद करी. ही माहिती दूरध्वनीवरील डायल-अप जोडणीने मध्यवर्ती संगणकाकडे जाई. अशा मोडेमचा कमाल वेग 56 किलोबिट प्रतिसेकंद, आणि खेड्यातील तारांवर तोही क्वचितच मिळे.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. व्यवसायाच्या संगणकावरील माहिती दूरच्या केंद्रापर्यंत पोहोचवण्यासाठी इंटरनेट अपरिहार्य नसते. संस्थेपुरते अंतर्गत जाळेही पुरते. वेब सर्व्हरचे काम मागणी आली की योग्य पान पाठवण्याचे. ते पान जगासाठी खुले आहे की केवळ सभासदांसाठी, हा धोरणाचा प्रश्न. वारण्यात पीकसल्ला, बाजारभाव, शिक्षण आणि इंटरनेट यांच्या मोठ्या अपेक्षा बाळगल्या गेल्या. प्रत्यक्षात केंद्रे प्रामुख्याने कारखान्याच्या हिशेबासाठीच वापरली गेली. याला अपयश म्हणणे मात्र एकांगी ठरेल. शेतकऱ्याला जी माहिती हवी होती, ती हिशेबाचीच होती.

वारणा अनवायर्ड

संगणकांची देखभाल व दूरध्वनी-जोडणी यांवरील खर्च हा पुढे कळीचा मुद्दा ठरला. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या राजेश वीरराघवन, नागा यासोधर व केंटारो तोयामा यांनी केंद्रातील संगणकाच्या जागी मोबाइल फोन व लघुसंदेश यांचा प्रयोग केला. ठरावीक नमुन्यातील संदेश मध्यवर्ती संगणकाला जोडलेल्या फोनवर येई. आज्ञावली नोंदवहीतून उत्तर शोधून तशाच संदेशाने परत पाठवी. एका लघुसंदेशात रोमन लिपीची 160, तर देवनागरीची जेमतेम 70 अक्षरचिन्हे मावतात. तरीही खाते क्रमांक, टनेज व रक्कम यांना ती पुरेशी होत.

सात गावांत आठ महिने चाललेल्या या प्रयोगात संगणक-केंद्राची सर्व कामे फोनवर पार पडली. नवी पद्धत स्वस्त, सोयीची व शेतकऱ्यांच्या अधिक पसंतीची ठरल्याचे संशोधकांनी नोंदवले. सर्वच केंद्रे फोनवर नेल्यास संस्थेचे वर्षाला सुमारे 10 लाख रुपये वाचतील, असा त्यांचा ढोबळ अंदाज होता.