हेलियम कोठे सापडला?

विजयदुर्ग किल्ल्यावर काही दगडी चौथरे आहेत. लोक त्यांस 'साहेबाचे कट्टे' म्हणतात. १८६८ च्या खग्रास ग्रहणात लॉकियरसाहेबाने येथूनच हेलियम शोधला, असे कोणी सांगितले की आमची छाती फुगते. परंतु १८ ऑगस्ट १८६८ रोजी, ग्रहणाच्या दिवशी, लॉकियर इंग्लंडातच होता!

मग घडले काय? ताऱ्यांची रासायनिक घडण माणसास कधीच कळावयाची नाही, असे कोंत ह्या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८३५ साली बजावले होते. १८५९ मध्ये हायडेलबर्गच्या किर्खोफ व बुन्सेन ह्यांनी ते खोटे पाडले. चुलीत मिठाचा खडा पडला की ज्योत पिवळी होते, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. ती ज्योत लोलकातून नीट पाहिली तर अगदी लगटून असलेल्या दोन पिवळ्या रेघा दिसतात. त्या सोडियमच्या. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघांच्या जागा अशा ठरलेल्या असतात, मग ते चुलीत असो की सूर्यावर.

ग्रहणात गुंटूरला जान्सेनने सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. रेघा इतक्या ठळक होत्या की, ग्रहणावाचूनही त्या दिसाव्यात असे त्याला वाटले. दुसऱ्या दिवशी त्या दिसल्याही. लॉकियरने २० ऑक्टोबरला इंग्लंडात हीच युक्ती स्वतंत्रपणे साधली. ज्वालांत एक पिवळी रेघ होती. ग्रहण पाहणाऱ्या काहींनी ती सोडियमची मानली होती. सोडियमची जवळची रेघ ५८९.० नॅनोमीटरवर, ही ५८७.६ वर, फरक एवढासाच! पण लॉकियरने तो सोडला नाही. अशी रेघ देणारा पदार्थ पृथ्वीवर ठाऊक नव्हता, म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून त्यास 'हेलियम' म्हटले गेले. पुष्कळांस ते पटले नाही. १८९५ मध्ये लंडनला रॅम्झेने युरेनियमच्या एका खनिजातून वायू काढला, त्यात तीच रेघ निघाली.

कट्ट्यांशी लॉकियरचे नाव जोडावयाचे तर तीस वर्षे पुढे यावे लागते. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणास तो खरोखरच विजयदुर्गास आला. आरमारी जहाजावरील खलाशी त्याच्या मदतीस होते. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणे घेऊन जेऊरला गेले होते. त्यांचा अहवाल १९०२ मध्ये छापला गेला. लॉकियरचे नाव आम्हांस पाठ आहे. नायगमवालांचे आमच्यापैकी किती जणांनी ऐकले आहे?