डांस, कृमि आणि तिसरा पक्ष

कल्याणजवळील विठ्ठलवाडीच्या परिसरांतून वालधुनी नदी वाहते. अशा वस्तींतील तुंबलेल्या घाण पाण्यांत वाढणारा क्यूलेक्स डांस हत्तीरोगाच्या कृमीचा वाहक होय. डांस व कृमि एकमेकांस घडवीत आले. परंतु हा व्यवहार दोघांपुरता नाहीं.

१९२४ सालीं अमेरिकेंत हर्टिग व वोल्बाख यांना क्यूलेक्स डांसाच्या जननेंद्रियांत एक सूक्ष्म जंतु आढळला. १९३६ सालीं त्यास वोल्बाखिया हें नांव मिळालें. तो मातेकडून अंड्यांतून संततीस जातो. १९७१ सालीं येन व बार यांनीं सिद्ध केलें कीं, जंतुयुक्त नर व जंतुरहित मादी यांच्या संयोगाचीं अंडीं बहुधा फुकट जातात. अर्थात् जंतुयुक्त माद्यांचाच वंश फोफावतो.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हत्तीरोगाच्या कृमींतहि याच कुळांतील जंतु असल्याचें निश्चित झालें. येथें नातें निराळें आहे. त्याच्यावांचून कृमीचें प्रजननच खुंटतें. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या टांझानियांतील प्रयोगांत रुग्णांस आठ आठवडे डॉक्सिसायक्लिन दिलें. प्रथम जंतु नष्ट झाले आणि मागोमाग बहुतेक प्रौढ कृमीहि मेले. युगानुयुगें जो सोबती कृमीचा आधार झाला, तोच त्याचें मर्मस्थान ठरला.