काशीद परिसरातील युरोपीय वावर

काशीद : रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. अलिबाग–मुरूड रस्त्यावरील हे गाव पांढऱ्या वाळूसाठी आणि सुरूच्या बनासाठी प्रसिद्ध आहे. पाठीशी फणसाड अभयारण्य. एकेकाळी ते जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाचे शिकारीचे रान होते. मुलूख सिद्दीचा असल्याने खुद्द काशीदला फिरंगी खुणा शोधण्यात अर्थ नाही. त्यासाठी उत्तरेला कुंडलिका नदीच्या मुखाशी, कोर्लई आणि रेवदंड्याला जायला हवे.

रेवदंड्यालगतचे चौल बंदर पोर्तुगिजांच्या कितीतरी आधीपासून नावाजलेले. 1508 मध्ये इथल्या आरमारी लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला; समोर इजिप्तचे मामलुक आणि गुजरातचा मलिक अयाझ होते. तरी 1521 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीच्या संमतीने पोर्तुगिजांनी रेवदंड्याला कोट उभारायला घेतलाच. पुढे संबंध फाटले. 1570-71 मध्ये मुर्तझा निजामशहाने चौलला वेढा घातला, पण ठाणे हाती लागले नाही. 1594 मध्ये समोरच्या कोर्लईच्या सोंडेवर निजामशाहीने किल्ला उभारला, पण तोही त्याच वर्षी पोर्तुगिजांनी जिंकून घेतला. वसई पडल्यानंतर, 1740 च्या तहाने, ही दोन्ही ठिकाणे मराठ्यांकडे आली.

आज अलिबागची वाहने रेवदंड्याच्या तटातूनच ये-जा करतात. आत नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि मधूनच डोके काढणारा फ्रान्सिस्कन चर्चचा सातखणी मनोरा. खण आता सात उरलेले नाहीत, नाव मात्र टिकून आहे.

दगडांपेक्षा चिवट निघाली ती कोर्लईची बोली. तिला बोलणारे ‘नॉ लिंग’ म्हणतात. शब्दसाठा बहुतांशी पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी. सत्ता गेल्यावर चौलचे बडे पोर्तुगीज निघून गेले. मागे राहिलेल्या गरीब ख्रिस्ती कुटुंबांना खाडीने एकीकडे आणि धर्माने दुसरीकडे वेगळे ठेवले. अडीचशे वर्षांहून अधिक काळ ही बोली घराघरांत टिकली, ती कोणत्याही राजाश्रयाविना. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिचा सविस्तर अभ्यास करून 1996 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला.

युरोपीय वावराची दुसरी खूण ताटात दिसते, आणि तिचे मूळ युरोपात नाही, अमेरिकेत आहे. काजू, पेरू, पपई, अननस, मिरची ही सारी अमेरिका खंडातली; पश्चिम किनाऱ्यावर त्यांचा प्रसार मुख्यतः पोर्तुगीज जहाजांमुळे झाला. त्याआधी इथल्या स्वयंपाकात तिखटपणा येई तो मुख्यतः मिऱ्यांचा. लाल मिरचीशिवायचे माशाचे कालवण आज इथे सहसा कुणी कल्पनेतही आणणार नाही.

कोर्लईचा एकटेपणा 1986 मध्ये सरला. कुंडलिकेवर पूल झाला, रेवदंडा मिनिटांवर आला. शाळा मराठीत, चर्चमधली प्रार्थनाही 1960 च्या दशकानंतर मराठीत. ‘नॉ लिंग’ बोलणारे हजाराच्या आसपास उरले आहेत.