जुना आग्रा रोड कोणाच्या आठवणीतला?



५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. ज्यांना घाई आहे त्यांच्या मोटारी आता कसारा घाट चढत नाहीत, इगतपुरीच्या बोगद्यातून जातात. खर्डी आणि कसारा यांच्या मधले आमचे उंबरमाळी मात्र जुन्या मुंबई-आग्रा रोडवरच राहिले. तेव्हापासून मोबाईलवर एक नवीन हौस दिसते. "चला, जुन्या आग्रा रोडची राइड करू." घाटातले धुके, ढाब्यावरचा चहा, मागे एखादे जुने गाणे आणि खाली ओळ, 'गेले ते दिवस'.

आमच्या अभ्यास गटातल्या पोरांनीही बेत काढला. ११ एप्रिलला, जोतीबांच्या जयंतीला, उंबरमाळीहून दहा-बारा गाड्या निघतील आणि सुमारे साडेचारशे किलोमीटर कापून १४ एप्रिलला महूच्या जन्मभूमीवर अभिवादन करतील. समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही, त्यामुळे जुनाच रस्ता धरावा लागणार. आमचा या बेताला पूर्ण पाठिंबा आहे. आक्षेप आहे तो 'गेले ते दिवस' या ओळीला. गेले ते दिवस कोणाचे होते, हे विचारल्याशिवाय किक मारायची नाही, असे आम्ही पोरांना सांगितले. का, ते इथे मांडतो.

ही हौस मूळची अमेरिकेची. शिकागो ते सांता मोनिका जाणारा 'रूट ६६' हा महामार्ग नोव्हेंबर १९२६ मध्ये सुरू झाला, म्हणजे २०२६ हे त्याचे शंभरावे वर्ष. जॉन स्टाईनबेक या कादंबरीकाराने १९३९ मध्ये त्याला 'मदर रोड' म्हटले. पुढे शेजारून मोठे द्रुतगती मार्ग गेले, रस्त्यावरची गावे ओस पडली आणि १९८५ मध्ये त्याचा क्रमांकच रद्द झाला. आपल्या आग्रा रोडचेही तसेच झाले. २०१० मध्ये देशातल्या महामार्गांचे क्रमांक बदलले आणि त्याचा जुना ३ क्रमांक पंजाबातल्या अटारीहून लेहला जाणाऱ्या रस्त्याला मिळाला. आज जगभरातले लोक रूट ६६ वरची जुनी मोटेल आणि जुने पेट्रोल पंप बघायला जातात. तिथे आठवणींचा धंदा जोरात आहे.

पण त्याच काळात काळ्या माणसाला त्या रस्त्यावर कुठे झोपता येत होते? या मार्गावर कितीतरी गावे अशी होती की सूर्य मावळल्यावर काळा माणूस तिथे दिसता कामा नये. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या व्हिक्टर ग्रीन नावाच्या पोस्टमनने १९३६ मध्ये म्हणून एक पुस्तिका काढली, 'ग्रीन बुक'. काळ्या प्रवाशाला कोणत्या गावात खोली मिळेल, जेवण मिळेल, केस कापून मिळतील, याची ती यादी होती. दरवर्षी सुधारून निघणारी ही पुस्तिका १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. बाबासाहेब १९१३ ते १९१६ मध्ये ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते हार्लेमला लागूनच आहे. ज्याच्या हातात ग्रीन बुक होते त्याला विचारा, तुला त्या जुन्या रस्त्याची हळहळ वाटते का?

आपल्याकडे ग्रीन बुक छापले गेले नाही. आपले ग्रीन बुक म्हणजे महारवाडा. या गावच्या महारवाड्यातून निघायचे, त्या गावच्या महारवाड्यात टेकायचे. मधे विहीर असली तरी ती आपली नाही. आणि गंमत पाहा, वतनी व्यवस्थेत वाटसरूला वाट दाखवणे, सरकारी अंमलदाराचे ओझे पुढच्या गावापर्यंत पोचवणे हे काम महाराचेच होते. रस्ता ज्याला सगळ्यात जास्त माहीत, त्यालाच त्या रस्त्यावर पाणी नाही! ही वेठ मोडावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले होते.

बाबासाहेबांचे स्वतःचे प्रवास 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये आहेत. प्रत्येक तरुणाने ते छोटे पुस्तक वाचले पाहिजे. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचा भीमराव भावंडांसोबत साताऱ्याहून वडिलांकडे निघाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडीवान बाजूने चालणार आणि पोरांनी गाडी हाकायची, असे ठरले. रात्री टोलनाक्यावर पोरांनी पाणी मागितले. जात लपवून पाहिली, तरी पाणी मिळाले नाही. डबा भरलेला होता, पण घोटभर पाण्यावाचून पोरे उपाशी झोपली.

१९२९ मध्ये बाबासाहेब बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सदस्य होते. धुळ्याकडून परतताना चाळीसगावला उतरले, तर एकही टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला तयार नाही. टांगा मिळाला, हाकणारा मिळाला नाही. वस्तीतल्याच एका माणसाने लगाम धरला. त्याला सवय नव्हती. मोरीवर घोडा उधळला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि पाय मोडला. १९३४ मध्ये वेरूळला जाताना दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदावर हातपाय धुतले, तर हौद बाटवला म्हणून मुसलमान जमाव धावून आला. पदवी बदलली, गाडी बदलली, धर्म बदलला. रस्त्यावरचे पाणी तेच राहिले.

म्हणून आमचे म्हणणे असे की रस्त्याचा इतिहास पाण्यावरून वाचावा. आणि तसा वाचायला बसलो तर आग्रा रोडवरच एक फार जुने पान सापडते. नाशिकमध्ये शिरण्याआधी महामार्गाला लागून त्रिरश्मी डोंगरातली बौद्ध लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, पण तिथल्या शिलालेखांत पांडव कुठेच नाहीत. तिथे भिक्खुसंघ आहे, सातवाहन आणि क्षत्रप आहेत, उत्तरेकडून आलेला इंद्राग्निदत्त नावाचा यवन आहे. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे भडोच, मंदसोर, नाशिकचा परिसर आणि सोपारा, इथे त्याने धर्मशाळा बांधल्या, विहिरी-तळी खोदली, तापीसारख्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, काठावर पाणपोया घातल्या. त्याच लेखात ब्राह्मणांना दिलेल्या दानांचीही लांब यादी आहे, ती आम्ही लपवत नाही. मुद्दा एवढाच की प्रवाशाला पाणी पाजणे ही अभिमानाने दगडात कोरण्याची गोष्ट होती. त्या पाणपोयीपासून मसूरच्या वाटेवरच्या टोलनाक्यापर्यंत आपण कसे घसरलो? मधल्या काळात जात घट्ट झाली. हा इतिहास कोणी राइडच्या फोटोखाली लिहीत नाही.

आता आमचा बेत ऐका. पहिला दिवस उंबरमाळी ते नाशिक: त्रिरश्मी लेणी आणि काळाराम मंदिर, जिथे २ मार्च १९३० पासून दादासाहेब गायकवाडांच्या पुढाकाराने सत्याग्रह चालला. दुसरा दिवस रस्ता सोडून येवला, जिथे १३ ऑक्टोबर १९३५ ला धर्मांतराची घोषणा झाली, आणि तिथून चाळीसगावमार्गे मुक्कामाला धुळे. तिसरा दिवस सेंधवा, खलघाटला नर्मदा ओलांडून महू. मुक्काम शक्यतो विहारात. डीजे नाही. रोज रात्री एक जण वाचणार, बाकीचे ऐकणार.

पण बेत इथे संपला असता तर आम्ही हा लेख लिहिला नसता. बैठकीत एका पोराने विचारले, "दादा, आपण पाण्याचा इतिहास बघायला महूपर्यंत जाणार. मग आपल्या पाड्यांचं काय?" सगळे गप्प झाले. आम्हीही.

कारण शहापूर तालुक्यातल्या तानसा आणि भातसा धरणांचे पाणी मुंबईला जाते. तानसाचे तर १८९२ पासून. आणि त्याच तालुक्यात दर उन्हाळ्यात ठाकूर, कातकरी, वारली पाड्यांवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. जुलै २०२१ च्या पावसात उंबरमाळी स्टेशन पाण्यात बुडाल्याचे व्हिडिओ सगळ्या देशाने पाहिले, आणि एप्रिलमध्ये इथलीच विहीर तळाला जाते. या पाड्यांवरून आम्ही बौद्ध तरुण निळे झेंडे लावून कितीदा गेलो असू? थांबलो किती वेळा? आमच्यावर अन्याय झाला हे सांगताना आम्ही कातकऱ्याला आमच्या इतिहासाबाहेर ठेवतो. उद्या त्याच्या पोराने विचारले, जयंतीची मिरवणूक आमच्या दारावरून गेली तेव्हा तुम्ही काय केले, तर उत्तर काय?

याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, आग्र्यात, १८ मार्च १९५६ ला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दलची वेदना बोलून दाखवली होती. शिकले आणि आपल्यातच रमले, ही ती वेदना. आम्ही एम. ए. झालो, पगार घेतो, हप्त्यावर बाइक घेतो. ती तक्रार आमच्याबद्दलच होती असे समजूनच ती वाचली पाहिजे.

म्हणून राइडला एक अट घातली आहे. जो गाडी काढणार त्याने मार्चमध्ये आपल्या परिसरातल्या एका पाड्यावर जायचे आणि लिहून आणायचे: विहीर किती लांब, पाणी कोणत्या महिन्यात संपते, टँकर किती दिवसांनी येतो, नळ बसला असेल तर त्याला पाणी येते का. पाड्यावरच्या माणसांच्या सह्या-अंगठ्यांसह हे निवेदन त्यांच्याच हातून तहसील कार्यालयात द्यायचे. पोच घेऊन या, मग पेट्रोल भरा. दोघांनी कुरकुर केली. बाकीच्यांनी पाडे वाटून घेतले.

जुन्या रस्त्यावर जरूर जा, मित्रांनो. पण हळहळायला जाऊ नका. तुमच्याही तालुक्यातून असा एखादा रस्ता जात असेल. त्याच्यावर कोणाला पाणी मिळाले, कोणाला नाकारले आणि आज कोणाला मिळत नाही, ते शोधा आणि आम्हाला कळवा.

जयभीम. नमो बुद्धाय.